दोनशे पावलांवरचा नारळ

चिंचखोरीत नारळ पडल्याशिवाय दसऱ्याचं सोनं लुटता येत नसे, आणि नारळ काही आश्रुबाशिवाय पडत नसे.

धारूरचा घाट उतरून माजलगावच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला हे गाव. गावाच्या शिवेवर एक जुना कडुलिंब होता. दसऱ्याच्या दुपारी त्याच्या आडव्या फांदीला काथ्याच्या शिंक्यात घालून नारळ टांगायचा, उंच माणसानं हात वर केला तरी दोन हात वर राहील असा. मग शंभर पावलांवरून चौकीतल्या सरकारी बंदुकीनं तो पाडायचा. मागं, शिवेच्या आतच, डोंगराची कड, त्यामुळे चुकलेली गोळी मातीतच जायची. नारळ पडला की शीव ओलांडायची, आपट्याची पानं लुटायची आणि घरी येऊन ओवाळून घ्यायचं. नाही पडला, तर शिवेपलीकडं पाऊल टाकायचं नाही. हा नेम कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो मोडायची कुणाची छातीही होत नसे.

आश्रुबा साठी उलटलेला गडी. हिंगोलीच्या छावणीत, निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिंजंट पलटणीत सत्तावीस वर्षं काढून, पेन्शन बांधून घेऊन गावी आलेला. अंगानं वाळल्या शेंगेसारखा, पण पाठ अशी ताठ की बाजेवर बसला तरी पहाऱ्यावर उभा असल्यासारखा दिसे. आल्या वर्षी पाटलांनी सहज म्हणून बंदूक हातात दिली आणि यानं पहिल्याच गोळीला नारळ फोडला. तेव्हापासून पंधरा दसरे तो मान त्याचा. पंधरा वर्षांत एकदाही दुसऱ्या गोळीची गरज पडली नव्हती, आणि हे तो स्वतः कुणाला सांगत नसे, कारण सांगायला गावात माणसं कमी नव्हती.

गावाला त्याच्याविषयी आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. आश्रुबा बर्म्याच्या लढाईत होता. तिथं त्यानं संगिनीनं किती जण लोळवले याचा आकडा पारावर दरसाल वाढत असे. आता खरं सांगायचं तर आश्रुबा या बाबतीत एक अक्षरही कधी खोटं बोलला नव्हता. पलटणीतली माणसं बर्म्याला गेली होती हे खरं. त्यात आपण होतो असं तो कधी म्हणाला नाही. नव्हतो असंही म्हणाला नाही. कुणी विचारलं की डावा हात मिशीवरून फिरवायचा आणि डोंगराकडे बघायचा. बाकीचं काम लोक करत.

खरी गोष्ट एकट्या केसरबाईला माहीत होती. बर्म्याच्या वर्षी तिचा नवरा हिंगोलीला दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा देत होता. सत्तावीस वर्षांत त्याची संगीन टांगलेल्या गवताच्या पोत्यांखेरीज कशातही शिरली नव्हती. दर सकाळी कवायतीत पोती, पोती आणि पोती. एका रात्री त्यानं हे तिला सांगितलं, तेव्हा तिनं देवाला हात जोडले होते. का जोडले, हे त्यानं विचारलं नाही.

फसली सन तेराशे बावीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बाराच्या, दसऱ्याला आठ दिवस असताना चौकीवर नव्या बंदुका आल्या. नव्या म्हणजे चौकीला नव्या. आजवर तिथं एक जुनी स्नायडर होती, बाजूचं झाकण उघडून काडतूस घालायची. ती परत गेली आणि तिच्या जागी दोन मार्टिनी आल्या, सोबत लांब टोकदार संगिनी. आश्रुबाला खबर लागली तसा तो जेवता ताटावरून उठला.

"अवं, भाकर तर संपवा!" केसरबाई म्हणाली.

"अगं, मार्टिनी आली. आठ वर्सं खांद्यावर वागवली म्या तिला."

"सवतीचं कौतुक सांगावं तर तुमीच," असं म्हणून तिनं ताट झाकून ठेवलं.

चौकीचा जमादार बंकट अजून तिशीतला, गोरागोमटा आणि पट्ट्याचा पितळी बिल्ला रोज चिंचेनं घासणारा. त्यानं बंदुका लांबूनच दाखवल्या. आश्रुबाची नजर नळीवरून कुंद्यापर्यंत आणि कुंद्यावरून परत नळीवर फिरली. तेच नाक, तोच डोळा. खाली ओढायचा तो खटकाही तसाच. माहेरची मैतरीण भेटल्यागत म्हाताऱ्याचा चेहरा खुलला, आणि तिथंच त्याच्या तोंडातून शब्द गेला.

"जमादार, स्नायडरनं शंभर पावलं. हिच्यानं दोनशे. यंदा नारळ दोनशे पावलांवरून पाडतो."

दुकानदार गुरुलिंग शेजारी उभा होता. हा आश्रुबाचा लहानपणापासूनचा सोबती. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "अन न्हाई पडला तर बे?"

"न्हाई पडला तर पुन्ना बंदुकीला हात लावणार न्हाई. मान जमादाराचा."

संध्याकाळपर्यंत हे बोलणं गावभर झालं. आश्रुबाला त्याचं काहीच वाटलं नाही. मार्टिनीनं दोनशे पावलं म्हणजे त्याच्या लेखी अंगणातून परसात जाणं होतं.

खंडेनवमीला चौकीत शस्त्रं पुजली. घोंगडीवर दोन्ही बंदुका, दोन्ही संगिनी, जमादाराचा दंडुका, शेजारी गावातल्यांच्या कुऱ्हाडी, विळे नि पाथरवटाची छिन्नी. उत्तरेश्वर गुरवानं हळदकुंकू वाहिलं आणि नळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या. आश्रुबा पुढं सरकला. हातात आलेल्या प्रत्येक बंदुकीच्या नळीत एकदा बघायचं, ही त्याची जन्माची खोड. पलटणीत कवायत शिकवणाऱ्या उस्तादानं ती लावली होती. त्यानं खटक्याकडे हात नेला.

"आश्रुबा!" उत्तरेश्वर खेकसला. "पुजलेलं शस्त्र शिवेवरच उचलायचं. त्याच्या आदी हात लावला तर पूजा बाटली."

आश्रुबानं हात मागं घेतला. पुजलेल्या शस्त्राला हात लावणारा माणूस चिंचखोरीत अजून जन्मायचा होता, मग तो सत्तावीस वर्षं पलटणीत का राहिलेला असेना. आणि बघायचं तरी काय होतं? मार्टिनी ती मार्टिनी.

दसऱ्याला दिवस कलता अख्खा गाव शिवेवर लोटला. पुढं हलगी, मागं सुंदरराव पाटील घोड्यावर, त्यामागं पागोटी. बायका शिवेजवळच्या मारुतीच्या पारावर दाटीवाटीनं बसल्या होत्या, त्यांत केसरबाई कडेला. नेहमीच्या जागेहून आश्रुबानं आणखी शंभर पावलं मोजली आणि टाचेनं रेघ मारली. लिंबाखालचा नारळ तिथून सुपारीएवढा दिसत होता. गावात कौतुकाची कुजबुज झाली. ती त्याला ऐकू आली आणि गोडही लागली, उगाच खोटं कशाला बोला.

बंकटनं माळ काढून बंदूक त्याच्या हातात दिली आणि तीन काडतुसं दिली. दरसाल तीनच मिळत, आणि दोन दरसाल परत जात.

आश्रुबानं गुडघा टेकला, श्वास सोडला, चाप ओढला. बार झाला, कावळे उडाले, नारळ जागच्या जागी.

गावाला आधी कळलंच नाही. हलगीवाल्यानं तर वाजवायला सुरुवातसुद्धा केली. मग पाटलांनी हात वर केल्यावर तो थांबला.

"पैली हाय, हात बसायचा हाय," कुणीतरी म्हणालं.

दुसरी गोळी. नारळ हललासुद्धा नाही. आता कुजबुजीचा सूर बदलला. आश्रुबाच्या पाठीला घाम सुटला. त्यानं डोळे पुसले, नळीच्या टोकाची नेमाची माशी पुन्हा नीट नारळावर धरली, मोतीबिंदूवाल्या आपल्या बापाची त्याला उगाच आठवण झाली, आणि तिसरी गोळीही गेली. नारळ टांगलेलाच राहिला.

"म्हातारं झालात, काका," बंकट हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, आणि तेच आश्रुबाला जास्त लागलं. पंधरा वर्षांचं नाव तीन बारांत धुरासारखं गेलं होतं. डोळा गेला. माणसाचा डोळा गेला की शिपाई संपला. त्याला वाटलं, ही शीव फाटावी आणि आपण आत जावं.

तेवढ्यात गुरुलिंग धापा टाकत लिंबाकडून आला. गोळ्या कुठं बसल्या ते बघायला तो डोंगराच्या कडेपर्यंत जाऊन आला होता.

"काय मारतोस बे तू? एक गोळी नारळाच्या डाव्या अंगाला पाच हात. एक उजवीकडं, अन एक पार वर, त्या धोंड्याला. तिघींची तोंडं तीन गावाला!"

आश्रुबानं मान वर केली. "परत सांग. डावी, उजवी अन वर?"

"आता पुराण सांगू काय?"

पण आश्रुबा आता ऐकत नव्हता. डोळा अधू झाला तर माणूस चुकतो, पण दरवेळी एकाच बाजूला चुकतो. पलटणीत नेमबाजीच्या सरावात, चांदमारीवर, हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. तीन गोळ्या तीन दिशांना जातात, तेव्हा चूक डोळ्याची नसते. त्यानं पागोट्याची टोकाची चिंधी फाडली, नळीखालचा गज ओढून काढला, त्याला ती घट्ट गुंडाळली आणि गज नळीत सारला. बोटं सैल ठेवून तो सारत राहिला. गज सरळ गेला. उखळात मुसळ जावं तसा सरळ, जराही न फिरता.

मग त्यानं खटका खाली ओढला, कुंदा मावळतीकडं केला आणि नळीच्या तोंडाला डोळा लावला. आत काजळी होती, पण काजळीखाली नळी साफ गुळगुळीत, चुलीच्या फुंकणीसारखी. आश्रुबा मोठ्यानं हसला. भर दसऱ्यात, मान गेलेला म्हातारा, आणि हसतोय! गावाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"पाटील, हिच्या नळीत आटेच न्हाईत!" तो म्हणाला. "रायफलीच्या नळीत मळसूत्रागत आटे असत्यात. गोळी त्यातनं फिरत जाती, भवऱ्यागत, म्हणून सरळ जाती. गज घातला तर गजबी हातात फिरतो. हिचे आटे घासून काढल्यात. गोळी कुटंबी जाईल."

"नाचता येईना अंगण वाकडं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

बंकट मात्र हसला नाही. चौकीतली बंदूक म्हणजे त्याचीच बंदूक. "सरकार घासलेली बंदूक कावून दील, काका?"

"म्या भरती झालो तवा आमालाबी अशीच दिलती. तोंडातून भरायची, गुळगुळीत नळीची. गोऱ्यांची पलटण आटेवाली घेऊन तीनशे पावलांवर मारायची, आमची गोळी शंभरावर भरकटायची. उस्तादाला विचारलं, तर म्हनला, बेटा, सत्तावन सालानंतर साहेबाला आपली भीती वाटती. लई दिसांनी भरवसा आला, तवा आटेवाली मिळाली. पैल्या दिवशी नळीत बघून म्या रडलो होतो." त्यानं कुंद्यावर हात फिरवला. "आता पोलिसाची पाळी. गर्दीवर चालवायची बंदूक लांब मारू नये, म्हणून घासत्यात. वरून बगितलं तर तीच बाई. नवमीला म्या नळीत बगणारच होतो."

उत्तरेश्वर गुरव दुसरीकडे बघू लागला.

बंकटनं बंदूक घेऊन स्वतः नळीत पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "म्हंजी आमच्यावर भरवसा न्हाई?"

"म्हंजी चाळीस पावलांच्या आत मारत जा. तितकं कळलं की कोणतीबी बंदूक चांगली."

हे सगळं ठीक होतं, पण काडतुसं संपली होती आणि सूर्य डोंगराला टेकला होता. नारळ टांगलेला होता. पारावरच्या बायकांत चुळबुळ सुरू झाली. घरी पुरणपोळ्या झाकून ठेवलेल्या, निरांजनं मांडून ठेवलेली, आणि शीव बंद. सूर्य बुडाल्यावर सोनं लुटायचं नाही, हा दुसरा नेम. पाटलांनी घोड्यावरून विचारलं, "आश्रुबा, काय करायचं? नारळ सरकारी बंदुकीनंच खाली आला पायजे. दगडं मारून पाडला असं बापजाद्यांत झालं न्हाई."

आश्रुबानं लिंबाकडे बघितलं. फांदीला दोरी, दोरीला शिंकं, शिंक्यात नारळ, वाऱ्यावर जरासा झुलतोय. हे त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. कुठं काय, सत्तावीस वर्षं रोज सकाळी पाहिलं होतं. फक्त तिथं गवताचं पोतं असायचं.

"जमादार, संगीन द्या."

बंकटनं संगीन दिली. कुंकू लागलेली, वीतभर आणि वर हातभर लांब, तिन्ही बाजूंनी कोरलेली, सुईच्या जातीची. तिला धार नसते, फक्त टोक असतं. आश्रुबानं तिचं कडं नळीवर चढवलं, पिळलं, खट्ट आवाज झाला. बंदूक माणसाच्या उंचीची झाली.

"पाटील, संगीन चढली की ती बंदुकीचाच अवयव. पलटणीचा कायदा हाय. चालंल?"

पाटलांनी गुरवाकडं बघितलं. गुरव अजून वरमलेलाच होता, त्यानं लगेच मान हलवली. "पुजलेलीच हाय. चालंल."

मग आश्रुबा निघाला. आधी चालत, मग पावलं लांबवत, आणि चाळीस पावलं उरली तेव्हा पळत. पागोटं पडलं. घशातून कवायतीतल्या हल्ल्याचा तो आवाज निघाला जो पंधरा वर्षं निघाला नव्हता, आणि पारावरची दोन लेकरं रडायला लागली. डावा पाय पुढं, कंबर खाली, खांदा मागून रेटत, दोन्ही हात वर. पोटात नाही, वर, उस्ताद घोड्यावरच्या स्वारासाठी शिकवायचा तसं. टोक नारळाच्या बुडात गेलं. मनगटाला एक पीळ, खाली एक हिसका, काथ्या तुटला, आणि नारळाचं पाणी म्हाताऱ्याच्या टकलावरून, नाकावरून, त्या नावाजलेल्या मिशीवरून खाली वाहिलं.

हलगी अशी कडाडली की पाटलांचं घोडं बिथरलं. माणसं शीव ओलांडून आपट्याकडं धावली. बंकटनं आश्रुबाला उचलूनच घेतलं.

"काका! बर्म्यात असंच भोसकलं असंल, न्हाई?"

आश्रुबाचा डावा हात सवयीनं मिशीकडे गेला. मिशी ओली होती. हात तिथंच थांबला. घटकेपूर्वी याच माणसांनी त्याला हसून घेतलं होतं, आणि आता याच माणसांनी डोक्यावर घेतलं होतं. पण आजचं कौतुक त्याच्या हातांनी मिळवलेलं होतं, या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बर्म्याची त्याला आता गरज राहिली नव्हती. त्याला एकदम हलकं वाटलं, पाठीवरचा जुना बोजा खाली ठेवावा तसं.

"बर्म्याला म्या गेलतोच न्हाई," तो म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला. "हिंगोलीत कोठारावर होतो. सत्तावीस वर्सं गवताची पोती भोसकली. माजी संगीन आज पैल्यांदा दुसऱ्या कशात शिरली."

बंकटचं तोंड उघडंच राहिलं. पंधरा वर्षं जोपासलेले बर्मी सैनिक एका दमात जिवंत होऊन आपापल्या घरी निघून गेले होते. पाटील काय म्हणतात याची सगळे वाट बघत होते, पण बोलला तो गुरुलिंग. त्यानं संगिनीवरचा नारळ ओढून काढला, लिंबाच्या बुंध्यावर आपटून फोडला आणि एक तुकडा तोंडात टाकला.

"मंग लई बरं झालं की बे," तो चावत म्हणाला. "न्हाईतर माणसं भोसकलेल्या हातचा परसाद माझ्यासारख्या लिंगायतानं कसा खाल्ला असता?"

आधी पाटील हसले, मग सगळेच. तो नारळ शिवेवरच वाटला गेला, आणि इतक्या माणसांना पुरला की तुकडे नखाएवढे आले. आश्रुबानं बंदूक पुसून बंकटच्या हातात दिली. बोललेलं बोललेलं होतं, दोनशे पावलांवरून नारळ पडला नव्हता. "पुढच्या वर्सी तुमी मारा, जमादार. चाळीस पावलांवरून."

"तुमी शिकवणार असाल तर," बंकट म्हणाला, आणि बिल्ला सारखा करत त्यानं म्हाताऱ्याला सलाम ठोकला.

घरी केसरबाई तबक घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती गडबडीनं आधी परतली होती. तिनं त्याला ओवाळलं, कुंकू लावलं, त्यानं आपट्याची पानं तिच्या हातात ठेवली. मग मुठीत जपून आणलेला नखाएवढा खोबऱ्याचा तुकडा तिच्या तळहातावर दिला.

"एवढंच उरलं," तो म्हणाला. "सत्तावीस वर्सांची लूट."

केसरबाईनं तो कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. सावकाश चावून झाल्यावर म्हणाली, "त्या रातीला म्या देवाला हात कावून जोडले, तुमी कधी इचारलं न्हाई."

"कावून जोडले?"

"तुमच्या हाताला कुणाचं रगत न्हाई म्हणून. तवाच या हातानं वाढलेलं जेवण गोड लागतं," ती म्हणाली, आणि आठ दिवसांपूर्वीची राहिलेली भाकर जणू आताच वाढायची असल्यासारखी लगबगीनं चुलीकडं गेली. "बसा आता. आज उठायचं न्हाई ताटावरून."